खुर्चीवरचा अ‍ॅम्प

"पाचशे वॅट! तुला लग्नात वाजवायचंय की पूल पाडायचाय?"

सेवेरिना मावशी स्टुलावरून उठलीसुद्धा नव्हती. ऑस्बर्ट मात्र लालबुंद.

"पूल नाही, मावशी. मला ऐकू जायचंय. एवढंच."

"कुणाला?"

"सगळ्यांना!"

वसईच्या आमच्या चर्चच्या हॉलमध्ये दोन पेट्या समोरासमोर उभ्या होत्या. दोन्ही बेस गिटारचे अ‍ॅम्प, स्पीकर पोटातच असलेले. वाजवणारे त्यांना कॉम्बो म्हणतात. एक कपाटाएवढा, चार स्पीकरचा. दुसरा एकाच स्पीकरचा, एका हाताने उचलावा असा. दुकानदाराने दोन्ही वाजवून बघायला पाठवले होते. टेम्पोवाला दारात ताटकळत होता. एक परत जायचा होता.

ऑस्बर्ट मावशीचा शिष्य. बोटं गुणी, मान ताठ. आधीच्या बँडने त्याला काढून टाकलं होतं. तुझा बेस ऐकूच येत नाही, म्हणाले. आता आमचा गायक नेल्सन याने त्याला आपल्या बँडमध्ये घेतलं होतं. रविवारच्या लग्नातलं वाजवणं हे त्याचं इथलं पहिलं, आणि पुन्हा तेच झालं तर शेवटचंही.

त्या बँडमध्ये कीबोर्डवर मी. मला कुणी शिकवलेलं नाही, त्यामुळे मी सहसा कुणाला मानत नाही. मावशीला मानते. का, ते सांगते.

"वाजव," मावशी म्हणाली.

त्याने मोठ्यावर वाजवलं. खर्ज पूर्ण चढवलेला, मधले सूर पार उतरवलेले. खिडक्यांची तावदानं थरथरली. खोटं कशाला बोलू, एकट्याने ऐकायला आवाज देखणा होता.

"आता सगळे."

आम्ही सगळे शिरलो. ड्रम, गिटार, मी, नेल्सनचं गाणं... आणि बेस बुडाला. तावदानं तशीच थरथरत होती, पण सूर कुठला ते कळेना. नुसती घरघर. ऑस्बर्टने आवाज वाढवला. घरघर वाढली.

"हॉलच भिकार आहे," तो म्हणाला.

"हो ना. मागच्या बँडचाही हॉलच भिकार होता."



मावशी उठली. छोटा कॉम्बो उचलून तिने खुर्चीवर ठेवला.

"खाली ठेवा की, मावशी."

"का? तुझ्या गुडघ्यांना कान आहेत?"

तिने खर्ज थोडा उतरवला, मधले सूर चढवले. त्याची गिटार गळ्यात घातली आणि एक तार छेडली.

ऑस्बर्ट खो खो हसला. "हा तर सर्दी झाल्यासारखा बोलतोय!"

"बोलू दे. तू मागे जा. पार शेवटच्या रांगेत."

मागे बायका लग्नाच्या खुर्च्यांना रिबिनी बांधत होत्या. त्यांच्याजवळ तो हाताची घडी घालून उभा राहिला. आम्ही तेच गाणं पुन्हा धरलं.

अर्ध्यावर तो तिथूनच ओरडला. "बघा! गाणं येतंय, ड्रम येतोय. बेस कुठाय? सांगा ना, कुठाय?"

मावशीने मान वर केली नाही. वाजवत राहिली.

मग तिने हात तारांवर पालथा ठेवला.

...

आम्ही बाकी कुणी थांबलो नव्हतो. ड्रम चालू, गिटार चालू, माझी बोटं चालू. पण जिना उतरताना पायाखाली पायरीच नसावी, तसं झालं. नेल्सन गाता गाता मागे वळला. तिकडे बायकांचे हात रिबिनींवर थबकले. इतका वेळ ते हात तालात चालले होते, हे त्यांनाही ठाऊक नसावं.

ऑस्बर्ट स्वतःच्या पायाकडे बघत होता. टाच उचललेली, तशीच राहिलेली.

मावशीने हात उचलला.

जमीन परत आली. रिबिनी पुन्हा चालू लागल्या. दर रविवारी चर्चमध्ये मी मिस्सेला गुडघे टेकते, कारण सगळे टेकतात. त्या दुपारी कीबोर्ड मधे नसता तर कुणी न सांगता टेकले असते.

गाणं संपलं. टेम्पोवाल्याने हॉर्न दिला.

ऑस्बर्ट सावकाश पुढे आला. मोठ्या पेटीवर हात ठेवला. काढला.

"हा न्या," टेम्पोवाल्याला म्हणाला.

पण त्याचा राग गेला नव्हता. किंवा राग गेला होता आणि खाली जे होतं ते उघडं पडलं होतं.

"मावशी, तिथे मागे कुणाला कळलंसुद्धा नाही, कुणी बेस वाजवतंय म्हणून. मलाही नाही."

मावशी केबल गुंडाळत होती.

"मग मी ऐकू जाणार कधी?"

...

"थांबशील तेव्हा."