मोगरीचा तोबरा

एकदा एका सरदाराच्या पागेत चूर्ण विकणारा व्यापारी आला. दुसऱ्या दिवशी चाळीस कोसांची दौड होती. व्यापारी म्हणाला, "तोबऱ्यात दुप्पट हरभरा आणि वर मूठभर माझं खारं चूर्ण. घोडी वाऱ्याला मागे टाकील." सरदारांना वाऱ्याला मागे टाकण्याची भारी हौस, स्वतः मात्र शंभर पावलेही पालखीतून जात. त्यांनी तत्काळ हुकूम सोडला.

पहाटे पागेच्या वृद्ध अश्वशिक्षकाने मोगरी घोडीच्या तोंडाला बांधायचा भरलेला तोबरा उचलला आणि सरदारांच्या डोळ्यांदेखत बैलांच्या गव्हाणीत उपडा केला. घोडीपुढे वाळल्या गवताचा भारा टाकला. चूर्णाची पुडी त्याने सोडलीसुद्धा नाही.

"माझा हुकूम मोडतोस?" सरदार गरजले.

"मोडतो, सरकार."

"घोडामैदान जवळच आहे. घोडी हरली, तर पागा सोडायची."

"सोडीन."

घोडीवर म्हाताऱ्याचा शिष्य बसणार होता. तो खोगीर कसू लागला.

वीस कोसांनंतर वाट वळून पागेजवळच्या नदीवर येई. इतर स्वार पाणी उडवीत पार झाले. काठावर गुरू उभा होता. त्याने मोगरीचा लगाम धरला, तिला पोटभर पाणी पिऊ दिले आणि मगच भिजवलेल्या कोंड्यात थोडे मीठ कालवून चारले.

शिष्य कळवळला, "गुरुजी, सगळे पुढे गेले! पागा जाईल तुमची!"

"जाऊ दे. घोडी जायला नको."

मोगरी तिसरी आली. गुरूने गाठोडे उचलले. पहिला आलेला घोडा व्यापाऱ्याच्याच गिऱ्हाइकाचा होता. तो संध्याकाळी पोटशुळाने लोळू लागला आणि पुन्हा उठला नाही.

वेशीपर्यंत पोहोचवायला गेलेल्या शिष्याला गुरू म्हणाला, "बाळा, घोड्याच्या पोटातलं गवत पाणी धरून ठेवतं, लांबच्या वाटेला तेच पुरतं. दौडीआधी दाणा ठासला, तर तो पोटातच उलटतो. मीठ मीही देतो, पण पाण्यानंतर. तहानलेल्या जिवाला कोरडं मीठ चारलं, तर ते त्याच्याच अंगातलं पाणी ओढतं. घोडं तोंडानं नाही म्हणू शकत नाही. त्याच्या वतीनं आपण म्हणायचं. त्यासाठीच तर आपल्याला पागेत ठेवलेलं असतं."

महिन्याने पुन्हा दौड ठरली. तोच व्यापारी आला, तोच हुकूम सुटला. शिष्याने भरलेला तोबरा उचलला, बैलांच्या गव्हाणीपाशी गेला आणि उपडा केला.

"तुलाही पागा सोडायची आहे?"

"सोडीन, सरकार. तोबरा मात्र बांधणार नाही."

सरदारांनी मोगरीकडे पाहिले. ती निवांत गवत खात होती. गेल्या खेपेच्या विजेत्याची आठवण तिथे प्रत्येकाला होती. व्यापारी पुड्या आवरू लागला.

"म्हाताऱ्याला बोलावून आण," सरदार हळूच म्हणाले.

"ते येणार नाहीत, सरकार. वेशीबाहेरच्या झोपडीत असतात. तुम्हालाच जावं लागेल."

सरदारांनी जोडे घातले आणि वेशीकडे निघाले. पालखी त्यांनी मागवली नाही.