डोंगर चढलेला रहाटपाळणा

फार पूर्वी घाटाखालच्या एका गावात एक सुतार राहायचा. हातात कसब मोठं, पण स्वभाव भारी धास्तीचा. आपण केलेली वस्तू अखंड डोळ्यांपुढे नसली की त्याला घास गिळवत नसे.

एकदा डोंगरमाथ्यावरच्या गावाने त्याला जत्रेसाठी लाकडी रहाटपाळणा करायला सांगितला. तिथल्या पोरांनी असा पाळणा कधी पाहिलाही नव्हता. “जत्रेत तुम्हाला आभाळात नेतो,” असा शब्द सुतार त्यांना देऊन आला होता.

पाळणा सुरेख झाला. तो बैलगाडीवर आडवा बांधून सुतार मोठ्या थाटात निघाला. घाटाच्या पायथ्याशी मात्र गाडीरस्ता संपला. पुढे नुसत्या पायवाटा, आणि सगळी वाहतूक गाढवांवरून.

गाढवं हाकणारी म्हातारी पाळणा बघून हसतच सुटली. “सुतारदादा, गाढवाच्या पाठीवर मावंल तेवढंच वर जाईल. बाकीचं तुमच्या खांद्यावर घ्या.”

सुताराचा जीव तीळतीळ तुटला, पण इलाज नव्हता. त्याने पाळणा सुटा केला आणि तुकडे गाढवांवर लादले. पहिला टप्पा आला मात्र, त्याला राहवेना. सगळी गाढवं येईपर्यंत तो थांबला, पाळणा पुन्हा जोडला, चारी बाजूंनी न्याहाळला, तेव्हा कुठे त्याला बरं वाटलं. मग त्याच्या ध्यानात आलं की पुढची वाटही तेवढीच अरुंद आहे. म्हणजे परत सुटा करणं आलं. या खटाटोपात अख्खा दिवस वाया गेला.

म्हातारी म्हणाली, “दादा, ह्यो वर चढवायचा हाय, का वाटंतच फिरवायचा?”

“मावशी, सगळं एकत्र दिसलं नाही की भीती वाटते. एखादा तुकडा चुकला तर?”

“मग जोडा दर टप्प्याला. पोचू आपण पुढल्या सालच्या जत्रंला. माझी गाढवं काय रांगेत चालत न्हाईत. ज्याला जी वाट गावंल, तिनं ते जातं. पर जातं वरच.”

जत्रा दुसऱ्याच दिवशी होती. वाट बघणारी पोरं सुताराच्या डोळ्यांसमोर आली. मन घट्ट करून त्याने पटाशी काढली. सांधे जुळवताना सुतार खुणा करतात, तशा त्याने प्रत्येक तुकड्यावर खुणा कोरल्या. आधी एक फूल, कारण जत्रेतल्या दुकानदारांची लाकडंही याच गाढवांवरून वर जात होती, त्यांत आपलं लाकूड मिसळू नये म्हणून. फुलाशेजारी रेघा, तुकड्याची जागा कितवी ते सांगायला. आणि अगदी शेवटच्या तुकड्यावर चंद्रकोर, म्हणजे यापुढे काही नाही.

“आता ज्याला जसं जायचं तसं जाऊ द्या,” तो म्हणाला, आणि रिकाम्या हातांनी डोंगर चढू लागला.

जत्रेच्या दिवशी गाढवं माथ्यावर आली ती उलटसुलट. चंद्रकोरीचा तुकडा तर सगळ्यांत आधी हजर. सुतार गोंधळला नाही. रेघा बघून तो एकेक तुकडा जमिनीवर आपापल्या जागी मांडत गेला. दुपार कलली तेव्हा सगळी मांडणी पुरी झाली होती, फक्त मध्ये एका दांड्याची जागा रिकामी होती.

गावकरी म्हणाले, “एका दांड्यानं काय अडतंय? फिरवा की. पोरं किती वेळची खोळंबलीत.”

ऊन उतरत होतं, उशीर झाला तर दिलेला शब्द जाणार होता. तरी सुतार म्हणाला, “यात पोरं बसायची आहेत. ही जागा रिकामी आहे तोवर मी पाळणा उभा करणार नाही. दांडा वाटेत आहे, येईल तो.”

आपल्या तोंडून असं काही निघेल, हे त्याला स्वतःलाही खरं वाटेना.

थोड्याच वेळात चढावरून राहिलेलं गाढव आलं. तोंड करवंदांनी माखलेलं, पाठीवर दांडा तिरका झालेला. म्हातारीने त्याचा कान धरला, आणि दुसऱ्या हाताने त्याचं कपाळही खाजवलं.

बघता बघता पाळणा उभा राहिला. पहिल्या फेरीला पोरांबरोबर म्हातारीही बसली आणि उतरायचं नावच घेईना. जिकडेतिकडे नुसता कल्ला. सुताराने मात्र आपला पाळणा अखंड दिसतो का, हे वर मान करून एकदाही पाहिलं नाही. तो पोरांची तोंडं बघण्यात रंगून गेला होता.

तात्पर्य काय, तर वाट अरुंद असली की मोठं काम तुकड्यातुकड्यांनीच जातं. प्रत्येक तुकड्यावर खूण पक्की करावी, वाटेत सारखं जोडून बघू नये, आणि मुक्कामी सगळे तुकडे जमल्याशिवाय कुणाला त्यात बसवू नये.