बेलच्या बटणाची नवी नोकरी

फार जुनी नाही, कचेऱ्या घरात भरू लागल्या तेव्हाची गोष्ट. वृंदाताईंनी दारावरच्या बेलचं बटण काढलं आणि व्हिडिओ कॉलवर आपला आवाज बंद करायला कॉम्प्युटरला जोडलं. दाबून पाहिलं, तर काहीच वाजलं नाही.

बटण हिरमुसलं. "जन्म फुकट गेला माझा!"

"तुझं काय घेऊन बसलंस?" कुकर करवादला. "मीटिंग संपेपर्यंत मला गॅसवर चढवत नाहीत. सगळं घर उपाशी, तोंड दाबून बसतं."

तेवढ्यात मीटिंगमध्ये साहेबांचं भाषण सुरू झालं. ताईंनी बटण दाबलं आणि त्या ओरडल्या, "अहो, कुकर लावा!" कुकरनं शिट्टीवर शिट्टी दिली, आजोबा मनसोक्त शिंकले. साहेबांना पत्ताच नाही.

बटण खुदकन हसलं. "दारावर असताना मला दाबलं, की कोण आलं म्हणून घर गप्प व्हायचं. आता दाबलं, की घर बोलायला लागतं!"