टाकाईच्या वाटेवरचे उघडे तळवे

खिंडीच्या माथ्यावर पोचलात की उजव्या हाताला कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं दिसेल. चौकोनी, पुरुषभर खोल, उतरायला सहा पायऱ्या. हे टाकाईदेवीचं टाकं. डोंगराच्या धारेने बावीस टाक्यांची जी वाट येते, तिचं हे शेवटचं. काठावर एक सपाट दगड आहे आणि त्याच्या मधोमध कळशीच्या बुडाएवढा खळगा आहे. त्याचं नंतर सांगते.

आधी तळव्यांचं. वाट संपवून तुम्ही वर आलात की आमच्या कारवदांड गावची माणसं तुमच्यापुढे दोन्ही तळवे उघडे धरून उभी राहतात. 'या' म्हणत नाहीत, पाणी पुढे करत नाहीत. आधी तळवे. गेल्या थंडीत शहरातला एक जण पाठीवर भलं मोठं ओझं घेऊन आला आणि त्या तळव्यांवर टाळी देऊन मोकळा झाला. त्याच्या मागचे नऊ जण मग टाळ्या देत सुटले. आमची माणसं तशीच उभी. त्या दहाही जणांना मी सावलीला बसवलं आणि हे सांगितलं. ते काही मग लवकर उठले नाहीत.

ही गोष्ट पुरुष सांगतात तेव्हा देवीला मोठी करतात. मी बायकांकडून ऐकली तशी सांगते.

फार मागे, म्हणे, वाटेच्या पहिल्या टाक्याखाली हिवरखडी नावाची वस्ती होती. तिथे हौसा नावाची बाई राहायची. घरात चारच माणसं: हौसा, तिचा नवरा रानबा, सहा वर्षांची लेक सोनकी आणि रानबाची विधवा बहीण गोदा. सोनकीला एका पावसाळ्यात ताप आला. ताप उतरला पण पोरीच्या पायांतलं बळ घेऊन गेला. वैदू झाले, भगत झाले. पोर उंबऱ्यात बसून इतर पोरांचे खेळ बघायची, आणि हौसा ते बघायची.

शेवटी हौसाने टाकाईचा नेम धरला. नेम असा, की पहिल्या टाक्यातून तांब्याची लहान कळशी भरून निघायचं, वाटेतल्या दर टाक्यातली एक ओंजळ तीत घालायची आणि ते पाणी शेवटच्या टाक्यात टाकाईला द्यायचं. मग टाकाईचं पाणी घेऊन घरी यायचं आणि दुखणाईताच्या अंगाला चोळायचं. पायी चाळीस दिवसांची वाट. त्यात एक अट, जिच्यापायी निम्मी माणसं नेमाचं नावसुद्धा काढत नसत. कळशी भुईवर टेकवायची नाही. जेवताना नाही, झोपताना नाही. म्हणजे आपण निजलो की ती कोणाच्या तरी मांडीवर हवी. एकट्याने हा नेम होतच नाही. ज्याने कोणी तो घालून दिला त्याला माणसं ठाऊक होती, एवढं मी म्हणेन.

रानबा पोरीपाशी राहिला. गोदा म्हणाली, "मी येते वैनीबरोबर."

हौसा म्हणाली, "तुम्ही? अहो वन्सं, तुम्ही पाणवठ्यावर जाऊन आलात तरी दोन दिवस पाय चेपून घेता."

"आणि तू बसल्या जागी पेंगतेस. तुझ्या मांडीवर कळशी दोन घटका तरी राहील का?"

अशा दोघी निघाल्या. जाताना सोनकीने उंबऱ्यातून हाक मारली, की आई, येताना मला काहीतरी आण. काय आणू विचारलं तर म्हणाली, चालायला लागल्यावर लागेल असं काहीतरी.

पहिल्या आठ टाक्यांपर्यंतची वाट कठीण गेली असं सांगतात. उन्हाळ्याचे दिवस, कारवी वाळलेली, पायाखाली घसरा. वस्त्यांवरची माणसं काही वाईट नव्हती, पण जो तो आपल्या कामात. कोणी शिळी भाकरी दिली, कोणी दारही उघडलं नाही. एक निजली की दुसरी कळशी मांडीवर घेऊन बसायची. सातव्या टाक्यापाशी हौसाच्या टाचा फुटल्या. गोदाने आपल्या लुगड्याचा पदर फाडून तिला बांधला आणि वर ऐकवलं, "तुझ्या टाचांपायी मी उघडी पडणार."

नवव्या टाक्यावर त्या पोचल्या तेव्हा दुपार होती. कळशी गोदाला देऊन हौसा खालच्या डबक्यात पाय सोडायला उतरली. तेवढ्यात रानबाचा चुलतभाऊ भिवा खालून जवळ पडणाऱ्या घाटाने धापा टाकत वर आला. गोदा त्याला काठावरच भेटली. त्याने सांगितलं, सोनकी गेली. ताप उलटला, दोन दिवसांत गेली. माती देऊन तीन दिवस झाले. रानबाने निरोप दिलाय, वैनीला घेऊन ये.

आता हे नीट ऐका, कारण सगळं यावर आहे. घरात मयत झालं की घरच्यांना सुतक. सुतकी हात नेमाच्या कळशीला लागला तर नेम मोडला. पण ज्याच्या कानावर खबरच नाही त्याला सुतक नाही, असं तेव्हा मानत. आणि सुतक घरी जाऊन, दिवस घालूनच फिटायचं. वाटेवर फिटत नसे.

भिवाचं बोलणं कानावर पडलं त्या क्षणी गोदाच्या हातात कळशी होती. म्हणे, तिने ती शेजारी गुरं पाजायला आलेल्या एका अनोळखी बाईच्या हातात अशी दिली, की जशी निखाऱ्याची भरली असावी. मग ती भिवाला बाजूला घेऊन म्हणाली, "तिला सांगू नकोस."

"दादानं बोलावलंय, आक्का."

"दादाला सांग, पोरगी तर गेलीच. आता हिला नेऊन तिथं काय दाखवणार? मातीचा ढीग? ही चालतीय तोवर हिची लेक जिवंत हाय. चालू दे तिला."

भिवा मोठा माणूस, पण रडायला लागला. गोदाने त्याला रडू दिलं नाही. तिने त्याला पुढे धाडलं. प्रत्येक वस्तीवर जा, म्हणाली, आणि सांग, की मागून दोन बायका येताहेत. एकीला खबर देऊ नका, आणि कळशी धरायला माणूस द्या. मला आता ती धरता येणार नाही.

मग तिने उजव्या तळव्याला चिंधी बांधली. हौसा पाय धुऊन वर आली तर गोदा म्हणाली, "हात भाजला."

"कुठं भाजला इथं? चूल तरी आहे का?"

"त्या गुराख्यांच्या शेकोटीत राख समजून हात घातला. निखारा निघाला."

हौसा हसली. "घरी चुलीपाशी उभं राहायचं नाही म्हणून कधी कळलंच नाही तुम्हाला, निखारा कुठला आन् राख कुठली."

गोदाही हसली, असं सांगतात.

दहाव्या टाक्यापासून वाट बदलली. हौसा वस्तीपाशी पोचायच्या आधीच माणसं बांधावर येऊन उभी असायची. गरम पाण्याने तिचे पाय धुवायची. भाकरीवर लोण्याचा गोळा. कळशी घ्यायला चार-चार बायका हात पुढे करायच्या. अकराव्या टाक्यावर एका म्हातारीने तिच्या टाचांत मेण भरलं, आणि भरताना मान वर केली नाही. चौदाव्या टाक्यावर हौसाला उन्हाचा ताप चढला, तर बिरू नावाचा धनगर अख्खा दिवस कळशी छातीशी धरून बसला. मेंढरं पार पलीकडच्या डोंगराला गेली. हौसा उठली तेव्हा तो म्हणाला, "बायकोला चाळीस वर्षांत एवढं जपलं न्हाई. तिला सांगू नका."

हौसा सगळ्यांना सोनकीचं सांगायची. पोर कशी बोलते, कशी उंबऱ्यात बसून इतर पोरांचे डाव ठरवते, चालायला लागली की काय काय करणार आहे. लोक ऐकायचे. सोळाव्या टाक्यावरच्या एका चांभाराने, ज्याला खबर नीट पोचली नव्हती, तिला सहा वर्षांच्या पायाच्या मापाच्या वहाणा करून दिल्या. "चालायला लागल्यावर लागतील," तो म्हणाला. त्याच्या बायकोला सगळं ठाऊक होतं. ती घरात गेली ती बाहेर आली नाही.

हौसाने वहाणा कमरेला बांधल्या. चालताना त्या एकमेकींवर आपटून वाजायच्या. ती गोदाला म्हणाली, "वन्सं, कौल मिळाला बघा. एरवी एवढी माया कोण करतं? टाकाई आईनं माझ्याआधी धाडलंय कुणाला तरी, सांगायला."

गोदा म्हणाली, "व्हय." आणि पुढे चालू लागली.

हात बरा होत नव्हता. हौसा म्हणायची दाखवा, हळद लावते. गोदा म्हणायची, तू तुझी कळशी बघ.

चाळिसाव्या दिवशी सकाळी त्या दोघी ह्या खिंडीत आल्या. तुम्ही आलात त्याच वाटेने. आमचं सगळं गाव टाक्याभोवती उभं होतं. गुरव उभा होता. रानबाही जवळच्या घाटाने आदल्या दिवशीच येऊन थांबला होता. ठरलं असं होतं, की तिने पाणी ओतावं, नेम पुरा व्हावा, मग सांगावं. चांगल्या मनानेच ठरवलेलं. या मुलखातली बरीच वाईट कामं चांगल्या मनाची माणसं एकत्र बसून ठरवतात.

हौसाला आधी रानबा दिसला. तिचा चेहरा उजळला. तिने विचारलं, "तुम्ही इकडं? मग सोनकीपाशी कोण?"

रानबा आपल्या पायांकडे बघत राहिला.

भरल्या गावात हौसाने एकेकाकडे बघितलं. मग ती गोदाकडे वळली आणि कळशी पुढे केली. "वन्सं, चाळीस दिवस बरोबर चाललात. ओतताना तरी हात लावा."

गोदाने हात मागे घेतला.

हौसाने कळशी डाव्या कडेवर घेतली आणि उजव्या हाताने गोदाचं मनगट धरलं. चिंधीची गाठ चोवीस दिवसांची, घट्ट बसलेली. तिने दातांनी सोडवली. आत तळवा होता, ऊन-वारा न लागलेला, गोरा, लहान मुलाच्या तळव्यासारखा. भाजल्याची खूण नव्हती.

भाजलं नाही आणि तरी कळशीला हात लावत नाही, म्हणजे काय, ते तिला कोणी सांगावं लागलं नाही. घरातली चारपैकी तीन माणसं तर तिथेच उभी होती.

तिने एवढंच विचारलं, "कितव्या टाक्यावर?"

"नवव्या," गोदा म्हणाली.

हौसा म्हणाली, "तेरा टाकी मी हसत चालले."

मग गावाकडे वळून म्हणाली, "माझे पाय धुतलेत तुम्ही लोकांनी. एकीनं तरी तोंड उघडायचं. मी रडले असते. रडत आले असते, पण आले असते. तुम्ही मला भाकरी दिली आन् माझं रडणं ठेवून घेतलं."

 

आणि मग तिने चाळीस दिवसांत पहिल्यांदा कळशी खाली ठेवली. काठावरच्या ह्या दगडावर. तो खळगा तिथला. लोक म्हणतात, तिच्या दुःखाच्या भाराने कातळ खचला. मी म्हणते, नंतर शेकडो जणांनी तिथेच कळशी टेकवली, दगड झिजणारच. तुम्हाला पटेल ते धरा.

मोकळ्या झालेल्या दोन्ही हातांत तिने गोदाचा तो गोरा तळवा घेतला आणि विचारलं, "तुम्ही कुठं रडायचा, वन्सं?"

"तू निजल्यावर," गोदा म्हणाली. "जरा लांब जाऊन."

तेव्हा कुठे दोघी खाली बसल्या, आणि जे तेरा टाकी राहिलं होतं ते झालं. म्हणे, सूर्य माथ्यावर येईपर्यंत कोणी त्यांच्याजवळ गेलं नाही.

उठून हौसाने कळशी उचलली तेव्हा गुरव पुढे आला. म्हणाला, बाई, सुतक आहे, आता ओतता येणार नाही. हौसा म्हणाली, "हिला टाकाई आई म्हणता ना? मग तिला कळू दे आईचं." आणि दोघींनी, दोन सुतकी बायकांनी, चार हातांनी कळशी धरून एकवीस टाक्यांचं पाणी ह्या टाक्यात ओतलं. वाट पुरी झाली. वहाणा त्यांनी पहिल्या पायरीवर ठेवल्या. जाताना तिने टाकाईचं पाणी घेतलं नाही. चोळायला पाय नव्हते.

काही जण सांगतात तिने गावाला शाप दिला. शाप बिप काही नाही. ती एवढंच म्हणाली, की यापुढं ह्या वाटेनं जो येईल त्याला आधी तळवे दाखवा. मग पाणी.

लोक असंही सांगतात, की तिच्या आसवांनी ह्या टाक्याचं पाणी खारट झालं. मी जन्मभर पितेय. गोड आहे. वैशाखातही आटत नाही. खारट असतं तर बरं वाटलं असतं.

आजही वाट संपवून कोणी आलं की आम्ही दोन्ही तळवे उघडे करून उभे राहतो. त्याचा अर्थ, तुझ्या घरी सगळं ठीक आहे, आम्ही काही लपवलेलं नाही. आता प्रत्येकाच्या खिशात फोन असतो, खबर आमच्याआधी पोचते म्हणता. पण धारेवर पाच-सहा दिवस फोन लागत नाही, आणि घरची माणसं मग खालच्या दुकानात फोन करतात. फोन करून काय म्हणतात सांगू? "त्यांना आत्ता सांगू नका. वाट पुरी होऊ दे."

आम्ही ऐकत नाही. तशी खबर आली की गावातली एक बाई उजव्या तळव्याला चिंधी बांधून सगळ्यांच्या पुढे उभी राहते. चिंधी येणाऱ्यानेच सोडायची असते. मी अशी तीनदा उभी राहिले आहे.

त्यांची बोटं फार थरथरतात. म्हणून मी गाठ सैल बांधते.