इनामदारांना हवं होतं नाव

कोंडोबुवा टेकडीवर एका खोपीत एकटेच राहायचे. बोलायचे थोडं, विचार करायचे फार. त्यांचे अभंग मात्र चार गावांच्या भजनात चालायचे, आणि रीतीप्रमाणे शेवटच्या कडव्यात "कोंडो म्हणे" असं यायचं. ते ऐकून हैबतराव इनामदारांना वाटलं, आपलंही नाव असंच लोकांच्या तोंडी राहावं.

एक दिवस ते घोड्यावरून वर आले. "बुवा, टेकडी आमची, तेव्हा अभंगात नावही आमचंच पाहिजे. नाहीतर उद्याच खोप मोडतो."

बुवांच्या मनात आलं, ह्या वयात जायचं तरी कुठं? मग म्हणाले, "बरं सरकार. एकादशीला देवळात या. गावादेखत नाव घालतो."

एकादशीला इनामदार जरीचा फेटा बांधून पुढंच बसले. बुवांनी सगळ्यांच्या ओळखीचा अभंग धरला आणि शेवटी गायले,

"हैबती म्हणे मी । आळशी गव्हार ।
भुईला या भार । फुकटचा ॥"

देवळात खसखस पिकली. टाळकऱ्यांच्या हातात टाळ ठरेनात.

"बुवा, हा काय चावटपणा?" इनामदार ओरडले.

"बाकी एक अक्षर बदललं नाही, सरकार. कोंडोच्या जागी फक्त हैबती घातलं. असे अजून तीनशे आहेत, आणि सगळ्यांत मी स्वतःला असंच काहीबाही म्हटलंय. पुढचा घेऊ?"

"नको, नको! तुमचं नाव तुम्हालाच लखलाभ. खोपही राहू द्या!"

बुवा शेवटपर्यंत त्याच खोपीत राहिले, स्वतःला आनंदानं गव्हार म्हणत.