मंत्रकेंद्रातला गोळ्यांचा डबा

एका गावात येसू नावाचा एक भोळा घंटावाला होता. शाळेत घंटा वाजवायचा. एकदा हेडमास्तर म्हणाले, "मी सांगितल्याशिवाय थांबायचं नाही," आणि तेवढ्यात बोलावणं आलं म्हणून तालुक्याला निघून गेले. संध्याकाळी परत आले, तर घंटा चालूच होती. दुसऱ्या दिवसापासून येसूला शाळेत काम उरलं नाही.

त्याच सुमाराला गावात डॉक्टर चिद्विलास आले होते. ते कशाचे डॉक्टर, हे कुणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. पंचायतीच्या रिकाम्या गोदामात त्यांनी मंत्रयोग संशोधन केंद्र उघडलं. बीपीवाली पंधरा माणसं घ्यायची. चाळीस दिवस पहाटे एकशेआठ वेळा मंत्र, मग आसनं. गोळ्या बंद. शेवटी अहवाल. निकाल काय लागणार ते त्यांनी दारावरच्या फलकावर आधीच रंगवून घेतलं होतं: 'मंत्राने रक्तदाब बरा होतो. विज्ञानाने सिद्ध.'

पंधरा जणांची एक तुकडी होऊन गेली होती. दुसरीसाठी एक माणूस कमी पडत होता. डॉक्टरसाहेबांनी येसूला शिपाई म्हणून घेतलं, पण अट घातली की त्याच्या बायकोनं तुकडीत बसायचं.

बायकोचं नाव कौसा. तिला बीपी होतं. सरकारी दवाखान्यातली पांढरी गोळी ती रोज घ्यायची, आणि तिथल्या सिस्टरनं बजावलं होतं की एक दिवससुद्धा चुकवायची नाही.

"देवाचं नाव घ्यायला माझी ना नाही," कौसा म्हणाली. "पण नाव घेऊन चूल पेटत नाही. काडी ओढावी लागते."

"साहेब म्हणालेत, गोळी जमा करायची," येसू म्हणाला.

"आणि मी पडले तर?"

"त्याचं काही म्हणाले नाहीत."

गोळ्यांची पाकिटं पहिल्या तुकडीच्याच बिस्किटाच्या डब्यात जमा झाली. प्रत्येकावर ज्याचं त्याचं नाव. डबा येसूच्या ताब्यात.

पहिल्या दिवशी साहेब म्हणाले, "येसू, मंत्र चालू असताना तोंडातून दुसरा शब्द नाही. काही झालं तरी एकशेआठ पुरे करायचे."

"जी साहेब."

साहेबांनी डोळे मिटले. सगळ्यांनी मिटले. येसूनं मिटले नाहीत, कारण तसं सांगितलं नव्हतं. तिसाव्या मंत्राला एक शेळी आत आली. चाळिसाव्याला तिनं आकड्यांची वही तोंडात धरली. एकशेआठ पुरे झाल्यावर येसू म्हणाला, "साहेब, शेळीनं वही खाल्ली."

"अरे गाढवा, मग ओरडायचं! शेळी दिसली की ओरडायचं!"

"बरं. पुढच्या वेळी."

पहिल्या तुकडीचे चाळीस दिवसांचे आकडे शेळीच्या पोटात गेले होते. साहेबांनी दुपारी बसून ते सगळे आठवणीनं पुन्हा लिहिले. पहिल्यापेक्षा चांगले आले.

दुसऱ्या दिवशी शवासन होतं. पंधराही माणसं मढ्यासारखी पडली होती. साहेब एकेकाच्या दंडाला पट्टा बांधून बीपी मोजणार होते. पार ओढ्यापलीकडच्या बांधावरून एक शेळी चालली होती.

"शेळीऽऽ!" येसू ओरडला.

पंधरा माणसं एकदम उठून बसली. एक म्हातारा दुसऱ्यावर आपटला. साहेबांच्या हातून यंत्र सुटलं. मग मोजलं तर ज्याचा त्याचा आकडा आभाळाला. कौसाचा सगळ्यांत वर.

"हे नाही लिहायचं!" साहेब किंचाळले. "ऐक नीट. आकडा जास्त आला की लिहायचा नाही. माणसाला बसवायचं, पुन्हा मोजायचं. परत जास्त आला तर परत मोजायचं. सगळ्यांत कमी येईल तो खरा."

"सगळ्यांत कमी तो खरा," येसू म्हणाला. "बरं. पुढच्या वेळी."

आठवड्यानं खिरीचा बेत ठरला. साहेबांनी येसूला दहा लिटर दूध आणायला गवळ्याकडे पाठवलं. तो सात लिटर घेऊन आला.

"बाकीचं कुठंय?"

"पहिल्यांदा दहा भरलं, साहेब. मी लिहिलं नाही. पुन्हा मोजायला लावलं, तर नऊ भरलं. गवळी म्हणाला, अजून मोजू का? म्हटलं, मोज. सात आलं तेव्हा तोच म्हणाला, आता खरं झालं."

"गवळी काय म्हणाला आणखी?"

"म्हणाला, उद्यापण या."

साहेबांनी कपाळावर हात मारला. "अरे, इथं पंधरा तोंडं आहेत! जे एकाला मिळेल ते सगळ्यांना मिळायला नको? कोरून ठेव ही गोष्ट डोक्यात. जे एकाला, ते सगळ्यांना!"

"जे एकाला, ते सगळ्यांना," येसू म्हणाला. "बरं."

त्या आठवड्यात कौसा दोनदा पडली. एकदा नळावर, एकदा चुलीपाशी. डोकं धरून बसायची. डोळ्यांपुढं काजवे चमकतात म्हणायची. येसूनं साहेबांना सांगितलं.

साहेब म्हणाले, "विकार बाहेर पडतोय. चांगलं लक्षण आहे."

येसूनं घरी येऊन तसंच सांगितलं. कौसानं त्याच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे येसू घंटा वाजवायला लवकर आला. साहेब एकटेच होते. त्यांनी बॅगेतून पाकीट काढलं, एक पांढरी गोळी तोंडात टाकली, वर पाणी प्याले. पाकीट कौसाच्या पाकिटासारखंच होतं.

"साहेब, ही गोळी?"

"ताकदीची आहे. जा, घंटा वाजव."

येसूनं घंटा वाजवली. मंत्र सुरू झाला, साहेबांनी डोळे मिटले. येसू डबा घेऊन उठला. जे एकाला, ते सगळ्यांना. ज्याची गोळी त्याच्या हातावर ठेवत तो रांगेतून फिरला. बोलायची बंदी होती, म्हणून कुणी बोललं नाही. कौसानं आधी गोळी गिळली आणि मग हात जोडले. देवाला की नवऱ्याला, ते कळलं नाही.

डब्यात एक पाकीट तसंच राहिलं. न फोडलेलं. त्यावर नाव होतं, शिरवाळे मास्तर. तसं तुकडीत कुणी नव्हतं. येसूनं ते परत ठेवलं.

मग रोज तसंच चाललं. कौसाची भोवळ थांबली. आकडे खरोखरच उतरले, पुन्हा मोजायचीही गरज पडेना. साहेब हरखून गेले. त्यांनी जिल्ह्याहून पाहुणे बोलावले. एक मोठे अधिकारी, आणि सरकारी इस्पितळातून निवृत्त झालेल्या एक डॉक्टरीणबाई. कार्यक्रम पहाटे, मंत्राच्याच वेळेला ठेवला.

"दोन्ही तुकड्या मिळून तीस माणसं," साहेब म्हणाले. "सगळी हजर पाहिजेत. हजेरीच्या वहीत कुणी गैरहजर दिसला तर त्याच्या घरी जा आणि घेऊन ये. घरचे नाही म्हणाले तरी रिकाम्या हातानं यायचं नाही."

येसूनं वही पाहिली. पहिल्या तुकडीत एकच माणूस गैरहजर होता. शिरवाळे मास्तर. एकतिसाव्या दिवसापासून पुढं, रोज गैरहजर.

मास्तरांचं घर दोन कोसांवरच्या गावात होतं. मास्तरीणबाई अंगणात तांदूळ निवडत होत्या.

"मास्तरांना न्यायला आलोय," येसू म्हणाला. "केंद्रात गैरहजर लागलेत."

मास्तरीणबाईंचा हात सुपात थांबला. "असं लिहिलंय का?"

"रोज."

"गोळी बंद केली आणि महिन्यानं गेले हो ते. सकाळी इथंच, या पायरीवर. तुमच्या साहेबांना निरोप पाठवला होता मी."

"पण रिकाम्या हातानं यायचं नाही म्हणालेत."

बाई उठल्या. मग आत गेल्या. भिंतीवरचा फोटो उतरवला, पदरानं काच पुसली आणि त्याच्या हातात दिला.

"न्या. उन्हात ठेवू नका."

कार्यक्रम सुरू झाला. साहेब भाषणात म्हणाले, "तीस रुग्ण! एकही गोळी नाही आणि एकालाही अपाय नाही! येसू, हजेरी घे."

येसूनं नावं वाचली. एकेक जण हजर म्हणाला.

"शिरवाळे मास्तर."

कुणी बोललं नाही. येसूनं पहिल्या ओळीतल्या खुर्चीवरचा फोटो उचलला आणि सगळ्यांना दाखवला.

"हजर," तो म्हणाला. "आता कुणी गैरहजर नाही, साहेब."

डॉक्टरीणबाई उठून उभ्या राहिल्या. "हे कधी गेले?"

"एकतिसाव्या दिवशी," येसू म्हणाला.

साहेबांचं तोंड लालबुंद झालं. त्यांनी बॅग उघडली, पाकीट काढलं आणि सगळ्यांसमोर पांढरी गोळी तोंडात टाकली.

ते पाहून येसू लगबगीनं पुढं झाला. डबा उघडून म्हणाला, "चला, साहेबांनी घेतली. आता आपापली घ्या."

पंधरा माणसं सवयीनं रांगेत आली. पाहुणे बघत होते. कौसा पहिली होती.

सगळ्यांना देऊन झाल्यावर डब्यात न फोडलेलं एकच पाकीट राहिलं. येसूनं त्यावरचं नाव वाचलं, फोटोकडं पाहिलं आणि त्याला फार बरं वाटलं. त्यानं ते फोटोपुढं ठेवलं.

"घ्या मास्तर," तो म्हणाला. "तुमची राहिली होती."