केळघरचा चढ

"…मग स्क्रू किती मागं घेऊ, वस्ताद? अर्धा आटा? का पाव?"

निवास पार्टेच्या हातात पाना होता. बॉनेट उघडं होतं. पहाटेचा गारठा होता, तरी त्याच्या कानशिलावरून घाम ओघळत होता.

 इलाही वस्ताद गाडीला वळसा घालून मागं गेले. हौद्यात मधमाश्यांच्या पेट्या होत्या, दोरखंडानं आवळून बांधलेल्या, तोंडाला जाळी ठोकलेल्या. आतून एकसारखी गुणगुण येत होती.

त्यांनी एका पेटीवर तळवा ठेवला. बराच वेळ तसाच ठेवला.

"जित्राब हाय," ते म्हणाले.

"व्हय. म्हणून तर इचारतोय."

केळघर घाटाच्या पायथ्याशी, रस्त्याकडेच्या पाण्याच्या टाकीजवळ वस्तादांची खोली. उभा जन्म त्यांनी ट्रक हाकला. आता गाडी राहिली नव्हती. तापून आलेल्या गाड्यांना पाणी द्यायला ते टाकीपाशी बसत. तालुक्यातले कितीतरी ड्रायव्हर त्यांच्या हाताखालून गेले होते. निवासही त्यांतलाच. पण स्वतःची जुनी डिझेल पिकअप घेतली, आणि त्यानं इकडं पाठ फिरवली ती फिरवलीच. "वस्तादांच्या वेळच्या गाड्या येगळ्या," असं चारचौघांत म्हणायचा. इंजिन आपणच उतरवायचा, आपणच चढवायचा. दुसऱ्या कुणाला स्क्रूला हात लावू देत नसे.

आज मात्र थांबावं लागलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात याच घाटात गाडीनं दम सोडला होता. तेव्हाही याच पेट्या होत्या, अनुसयाताई ढेब्यांच्या. ऊन चढलं, गाडी हलेना, वारा लागेना. कोंडलेल्या माश्या आतल्या आत तापल्या. मेण मऊ होऊन पोळी गळाली. अनुसयाताईंनी मेलेल्या माश्या सुपात भरून रस्त्याकडेला ओतल्या होत्या.  तो सुपाचा आवाज निवासच्या कानातून अजून गेला नव्हता.

म्हणून त्यानं इंजिनातल्या डिझेल पंपाचं सील तोडलं आणि डिझेल जास्त सोडणारा स्क्रू पुढं घेतला. गाडी ओढायला लागली. पण डिझेलही ढोसायला लागली. मागं काळा धूर, इंजिन तापलेलं. आणि आज, फलटणकडच्या रानातून पेट्या भरून दोघं घाटावरच्या जांभळीच्या मोहोराकडं निघाले, तर वाटेतल्या पंपावर डिझेल संपलेलं. टँकर आलाच नव्हता. काटा लाल रेघेवर येऊन टेकला होता.

"स्क्रू असाच ठिवला तर डिझेल वरपर्यंत पुरत न्हाई," निवास म्हणाला. "मागं घेतला तर गाडी चढत न्हाई. टाकी कोरडी पडली तर पायपात हवा शिरंल. ती काढंपर्यंत ऊन डोक्यावर येईल. ओढ पायजे तर ॲव्हरेज जातं, ॲव्हरेज पायजे तर ओढ जाती. दोन्ही कसं जमवायचं, तेवढं सांगा."

"घाबरलायस?"

"न्हाई."

…

"मग पान्याला घाम कशाचा?"

निवासनं पाना पँटीला पुसला.

अनुसयाताई केबिनमध्ये बसल्या होत्या. मागच्या काचेला कान लावून. त्यांनी पुढं पाहून हाक मारली, "निवासदादा, माश्यांचा आवाज चढाय लागलाय. हुभं ऱ्हाऊ नगा."

वस्तादांनी बॉनेट खाली ओढलं आणि थाप मारून बंद केलं.

"वस्ताद! स्क्रू…"

"ऱ्हाऊ दे. मला वर यायचंय. बस, गाडी काढ."

"पर अजून एक वजन…"

वस्ताद तोवर आत चढून बसलेही होते.

पहिलं वळण सोपं गेलं. दुसऱ्यापासून चढानं अंग दाखवायला सुरुवात केली. निवासनं तिसरा गिअर धरून ठेवला होता आणि रेसचं पेडल पार फळीला टेकवलं होतं. इंजिन घशातून घरघरत होतं. आरशात रस्ता दिसेना, नुसता काळा लोट. वाऱ्याचा झोत उलटा आला की तो लोट हौद्यात शिरायचा.

"धूर लागला की त्या बिथरत्यात," अनुसयाताई हळूच म्हणाल्या. "वणवा लागला असं वाटतं त्यांना. मध पित्यात आन्‌ पळायला बघत्यात. आता कुठं पळतील?"

निवासनं रेस आणखी दाबायला पाहिलं. दाबायला जागाच उरली नव्हती.

उष्णतेचा काटा वर सरकला. डिझेलचा खाली.

"तिसरा कशाला?" वस्तादांनी विचारलं.

"दुसऱ्यात डिझेल जास्त जातं."

"कुणी सांगितलं?"

"समदेच म्हणत्यात."

…

गाडी आणखी मंदावली.  त्याला ते वळण दिसायला लागलं, पुढचं, कातळाला चिकटलेलं. गेल्या साली तिथंच गाडी थांबली होती. तिथंच ते सूप उपडं झालं होतं. त्याचा पाय लाकडासारखा ताठला.

वस्तादांनी हात पुढं केला. निवासच्या गुडघ्याखाली घातला. आणि गुडघा वर उचलला.

"अवं! थांबंल ना गाडी!"

"थांबली का?"

निवासनं वेगाच्या काट्याकडं पाहिलं. होता तिथंच होता.

वस्तादांनी गुडघा आणखी थोडा उचलला. काटा तिथंच. घरघर मात्र कमी झाली. आरशात धुरामागून रस्ता उगवायला लागला.

"जेवढी रेस काढून घेतली," वस्ताद म्हणाले, "ती काय करत हुती?"

निवासची नजर आरशातल्या विरत्या धुराकडं गेली.

"आता दुसरा. वळणाच्या अलीकडं. ती धापा टाकायला लागल्यावर न्हवं, आधी."

निवासनं क्लच दाबला, दुसरा टाकला. इंजिन एकदम मोकळ्या गळ्यानं गायला लागलं. पाय हलका, आवाज गोल. कातळाचं वळण आलं आणि मागंही गेलं. निवासला ते गेल्यावर कळलं.

"अनुसयाताई?" त्यानं समोर बघतच विचारलं.

"आवाज उतरलाय जरा," त्या म्हणाल्या. कान काचेलाच होता. "पर ऊन आलं बघा."

पलीकडच्या डोंगराच्या कडेवर उन्हाची पिवळी रेघ उमटली होती. निवासनं डिझेलच्या काट्याकडं पाहिलं. काटा आता रेघेच्याही खाली होता. 

"बघू नको तिकडं," वस्ताद म्हणाले.

"न बघून डिझेल वाढणाराय का?"

"बघून वाढतंय?"

निवासनं नजर रस्त्यावर वळवली. पाय मात्र आपोआप जड व्हायला लागला होता. आरशात धुराची एक काळी पट्टी उठली. त्यानं ती पाहिली आणि पाय उचलला. पट्टी विरली. थोड्या वेळानं पुन्हा उठली. पुन्हा त्यानं पाय उचलला.

वस्तादांनी हे पाहिलं. 

वरच्या अंगाला, जिथं रस्ता अरुंद होतो आणि चढ छातीवर येतो, तिथं समोरून एसटी उतरत आली. दोन्ही गाड्या मावण्यासारख्या नव्हत्या. एसटीचा ड्रायव्हर हात करून थांबायला सांगत होता.

निवासला थांबावंच लागलं. भर चढावर.

वारा थांबला. इंजिन संथ चालू होतं. आणि त्या शांततेत तिघांनाही मागची गुणगुण ऐकू आली. आधी नेहमीसारखी. मग वर चढत चाललेली.

"निवासदादा…" अनुसयाताईंनी काचेवर तळवा टेकला. "मागल्या खेपेला असाच झाला हुता आवाज."

एसटी इंचाइंचानं सरकत होती. तिच्या खिडक्यांतली माणसं पेट्यांकडं वाकून पाहत होती. निवासचे हात स्टिअरिंगवर चिकटले होते. हँडब्रेक जुना होता, भार पेलत नव्हता. त्यानं ब्रेकवर पाय रोवला होता आणि पोटरी थरथरत होती. आता गाडी उचलायची म्हणजे क्लच सोडायचा, ब्रेक सोडायचा, आणि मागं खोल दरी. जोर दिला नाही तर गाडी मागं येईल. जोर दिला तर धूर, डिझेल, आणि इंजिन बंद पडलं तर ब्रेकचा जोरही जाणार, सगळंच संपलं.

त्यानं वस्तादांकडं पाहिलं.

वस्तादांनी हाताची घडी घातली होती. डोळे मिटले होते.

"वस्ताद, आता सांगा की…"

…

"वस्ताद!"

…

एसटी निघून गेली. रस्ता मोकळा झाला.

निवासनं पायातली चप्पल काढून सीटखाली सरकवली. उघडा पाय त्यानं तिरका धरला, चवडा ब्रेकवर आणि टाच रेसवर. इंजिनाची थरथर तळव्यातून वर चढली, नाडी लागावी तशी. त्यानं पहिला टाकला. क्लच सोडत आणला, अगदी सावकाश, गाडीचं नाक किंचित उचलेपर्यंत. तेवढ्यात तळव्याला कळलं, इंजिन दबतंय. त्यानं तेवढीच रेस दिली. जरा कमी वाटली, जरा दिली.

ब्रेक सुटला. गाडी मागं आली नाही.

ती पुढं सरकली, म्हातारं माणूस जिना चढतं तशी. पण चढली.

आरसा स्वच्छ होता.

"वारा लागला," अनुसयाताई म्हणाल्या आणि पदरानं तोंड पुसलं. "लागला बघा वारा."

वस्तादांनी डोळे उघडले नाहीत.

"तुमी झोपला हुता?" निवासनं विचारलं. आवाजात राग होता, भीतीही होती.

"न्हाई. भ्यालो हुतो."

"तुमी?"

"दरी काय तुझ्याच बाजूला हुती?"

घाट संपला तेव्हा सूर्य डोंगराच्या वर आला होता, पण जांभळीच्या रानात अजून सावली होती. झाडांवर पांढुरक्या मोहोराचे घोस लोंबत होते. तिघांनी मिळून पेट्या उतरवल्या, सावलीत दगडांवर ठेवल्या. अनुसयाताईंनी एकेक जाळी काढली. माश्या तोंडाशी आल्या, जरा चालल्या, वर उडाल्या, आपल्या पेटीभोवती घिरट्या घालून जागा ओळखून घ्यायला लागल्या.

शेवटच्या पेटीतून मात्र काही येईना.

अनुसयाताईंनी पेटीवर टिचकी मारली. कान लावला. त्यांचा चेहरा उतरला.

निवास जागीच उभा राहिला. त्याला पुढं जाववेना.

…

पेटीच्या तोंडाशी एक माशी आली. मिशा हलवत थांबली. तिच्या मागून दुसरी. मग गर्दीच झाली.

अनुसयाताई मटकन खाली बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "आळशी कुठल्या," त्या पेटीला म्हणाल्या. "जीव घेतला असता माझा."

निवास गाडीपाशी गेला आणि चाकाला टेकून उभा राहिला.  वस्ताद जवळ आले. त्यांच्या हातात पाना होता.

"धर. आता फिरव."

"आता? मघाशी का न्हाई म्हणाला?"

"मघाशी तू भ्यालेला हुतास. भ्यालेल्या माणसानं स्क्रू फिरवला की एक तर जास्त फिरवतो, न्हाई तर उलटा."

निवासनं बॉनेट उघडलं. वस्ताद मागं धुराच्या नळीपाशी उभे राहिले. निवासनं स्क्रू जरासा मागं घेतला, रेस दिली. "धूर?" "हाय." आणखी जरासा. "हाय, पातळ." आणखी केसभर. "बास. तिथंच आवळ." निवासनं नट आवळला. रेस देऊन पाहिली. इंजिन हलकं बोललं.

"ओढ कमी झाली असंल," निवास म्हणाला.

"झाली असंल."

"मग पुढल्या खेपेला चढंल का?"

"तू चढवशील का, ते बघ."

अनुसयाताई पेट्यांपाशीच राहणार होत्या. त्यांनी दोघांना निरोप दिला, निवासच्या हातात फडक्यात बांधलेली भाकरी दिली. निवास गाडीत बसला. वस्ताद शेजारी बसले. हौदा रिकामा होता, ऊन कोवळं होतं, समोर सगळा उतार पसरला होता. सकाळपासून पहिल्यांदा निवासनं पाठ सीटला टेकली. छातीवरची धोंड उतरली होती. त्याला गाणं म्हणावंसं वाटत होतं.

"चला वस्ताद, सुटलो," तो म्हणाला. "आता कसली काळजी? टाकीत थेंबभर उरलं असंल, तेवढं बी लागत न्हाई. गाडी रिकामी, समदा उतार. गिअर काढून टाकतो, इंजिन बंद करतो. पार तुमच्या पाण्याच्या टाकीपातुर नुसत्या ब्रेकवर निवांत घरंगळत जाऊ. एक थेंब डिझेल खर्च न्हाई."

…

वस्तादांनी दार उघडलं. खाली उतरले. टोपी नीट केली आणि रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले.

"तू हो फुडं," ते म्हणाले. "मी एसटीनं येतो."